लालगाली निळी मुनिया : एका चित्रफलकाच्या कामाच्या नोंदी

8 मार्च

आजपासून फलकाचं काम सुरू. एका कागदावर एकच पक्षी, जिवंत पक्ष्याच्या मापात, आणि खाली शंभरेक शब्दांचा मराठी मजकूर. शाळेच्या भिंतीवर लावायचा आहे, तेव्हा अक्षर ठसठशीत आणि मजकूर मोजका हवा. पहिला पक्षी कोणता घ्यायचा यावर फार विचार करावाच लागला नाही. टांझानियातल्या अरुशाच्या या घरी राहायला आल्यापासून रोज सकाळी अंगणातल्या गवतात जे निळे ठिपके टुणटुण उड्या मारताना दिसतात, तोच.

इंग्रजीत याला रेड-चीक्ड कॉर्डन-ब्लू म्हणतात, शास्त्रीय नाव युरेजिन्थस बेंगालस. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जेमतेम 13 सेंटिमीटर, वजन साधारण 10 ग्रॅम. नराची पाठ मातकट तपकिरी. चेहरा, गळा, छाती, कुशी आणि शेपटी आकाशी. डोळ्याच्या मागे, बरोबर कानावर, कुंकवाचं बोट टेकवावं तसा लाल डाग. मादीला तो डाग नसतो आणि तिचा निळा रंगही फिकट असतो.

पहिलं कच्चं रेखाटन केलं. मधोमध नर, लाल गाल आपल्याकडे वळवलेला. मादी मागे, लहान, अर्धी गवताआड. सगळ्या पुस्तकांत असंच असतं.

12 मार्च

दिवसभर नावाचा घोळ.

'बेंगालस' वाचून कुणालाही वाटेल की हा बंगालचा पक्षी. बंगालशी याचा काडीचाही संबंध नाही. 1760 मध्ये ब्रिसाँ या फ्रेंच पक्षीतज्ज्ञाने याचं वर्णन 'ल बेंगाली' या नावाने केलं, त्यावरून लिनियस या स्वीडिश निसर्गअभ्यासकाने 1766 मध्ये शास्त्रीय नाव दिलं आणि राहण्याचं ठिकाण बंगाल म्हणून लिहून टाकलं. चूक पुढे लक्षात आली, मूळ ठिकाण म्हणून सेनेगल धरलं गेलं. पण शास्त्रीय नावांच्या नियमांत आधी दिलेलं नाव असं सहजासहजी बदलता येत नाही. पार सेनेगल-गांबियापासून इथिओपिया, केनिया, टांझानिया ते झांबियापर्यंतच्या गवताळ पट्ट्यात नांदणारा हा पक्षी कागदोपत्री आजही बंगालीच आहे.

त्याच्याच कुळात आणखी एक गंमतशीर उदाहरण आहे. लाल मुनियाच्या प्रजातीचं (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं) नाव 'अमंडावा' हे अहमदाबादचं बिघडलेलं रूप. तिथून हे पक्षी पिंजऱ्यांत भरून परदेशी जात. आफ्रिकेतला एक चिमुकला, नारिंगी छातीचा पक्षी याच प्रजातीत मोडतो, म्हणजे त्यानेही अहमदाबाद कधी न पाहता ते नाव मिरवायचं.

हा पक्षी 'फिंच' म्हणून ओळखला जातो खरा, पण खऱ्या फिंचांचं कुळ वेगळं. हा एस्ट्रिल्डिडी कुळातला, म्हणजे आपल्या मुनियांचा भाऊबंद. तेव्हा मराठी नावात 'मुनिया' हवंच. तूर्त 'लालगाल्या मुनिया' लिहून ठेवलंय. मनाला पटलेलं नाही. गाल लाल फक्त नराचा, मग हे नाव निम्म्याच पक्ष्यांचं झालं.

17 मार्च

मासिका लागला. मार्च ते मे हा इथला मोठा पाऊस. काल रात्री दोन तास कोसळला आणि सकाळी इथला जवळचा मेरू पर्वत धुऊन पुसून ठेवल्यासारखा दिसत होता.

पावसानंतर अंगणात वाळवीचे पंखवाले किडे उधळले. निळ्या मुनिया एरवी बियांवर जगतात. जमिनीवर सांडलेलं गवताचं बी टिपतात, नाहीतर उडी मारून कणीस चोचीत धरतात, खाली ओढतात आणि वेचतात. आज मात्र सगळ्या वाळवीच्या मागे. एका मादीने किडा पकडला, फरशीवर दोनदा आपटला, पंख गळाले तशी गिळला. नर तीन फुटांवर तेच करत होता. मी चहा घ्यायचा विसरले.

आणखी एक गोष्ट टिपून ठेवते. उत्तर टांझानियात या निळ्यांच्या तीन जाती जवळजवळ वावरतात. एकीच्या नराचं सगळं डोकंच निळं असतं, ती कोरड्या भागात जास्त. दुसरी दक्षिणेकडची, तिच्या नराचे गाल निळेच, लाल डाग नाही. तिसरी आपली. माद्या गोळा झाल्या की भलेभले गोंधळतात. त्यामुळे लाल गाल ही नुसती शोभा नाही, ओळखीची खूण आहे, हे मान्य करावंच लागतं.

22 मार्च

आज जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी पावणेसात. तारेच्या कुंपणावर नर बसला होता, चोचीत शेजारच्या कोंबडीचं पांढरं पीस. पीस त्याच्या स्वतःच्या शरीराएवढं लांब. मान वर करून तो वर-खाली उसळायला लागला, जागच्या जागी, चेंडूसारखा. पीस वाऱ्याने डावीकडे वळायचं, तो मान उजवीकडे करून ते सावरायचा. उसळता उसळता बारीक, तीव्र आवाजात गाणं. वीतभर अंतरावर मादी बसली होती. तिने शेपटी त्याच्याकडे वळवली आणि तीही उसळायला लागली.

मग नर उडून गेला. पीस खाली पडलं. मादीने ते उचललं, पुन्हा तारेवर आली आणि एकटीच गायला लागली.

मी आजवर धरून चालले होते की गाणारा तो नर. वाचून पाहिलं तर या प्रजातीच्या माद्या गातात हे अभ्यासकांना चांगलं ठाऊक आहे. निळ्या डोक्याच्या जातीवर तर बरंच काम झालंय. सगळी गाणी जोडीदाराला उद्देशून नसतात, माद्या एकट्या असतानाही गातात.

रेखाटन काढून पाहिलं. गवताआड लपवलेली मादी आता खटकते.

26 मार्च

बोगनवेलीत घरटं! वाळल्या गवताचा गोल गोळा, नारळाएवढा, वरून बंद, एका बाजूला तोंड. नर गवताच्या लांब काड्या आणतोय. मादी आत बसून, मधूनच एखादी काडी बाहेरून आत खेचून घेते.

2 एप्रिल

बोगनवेलीतलं घरटं गेलं. सकाळी पाहते तर एका बाजूने उसवलेलं, खाली चिखलात गवत, आणि अंड्याचं पांढरं टरफल, करंगळीच्या नखाएवढं. मांजर, पक्षी की साप, कळायला मार्ग नाही. जोडी दिवसभर दिसली नाही.

काम झालं नाही. झोपताना पाऊस.

5 एप्रिल

जोडी परतली. (हीच जोडी कशावरून? नराच्या शेपटीचं उजवीकडचं एक पीस अर्धं तुटलंय, त्यावरून.) नवं घरटं फाटकाजवळच्या काटेरी बाभळीत, डोक्याच्या थोडं वर. त्यापासून दोन हातांवर गांधीलमाश्यांचं पोळं लटकतंय.

हा योगायोग नसावा. दक्षिणेकडच्या निळ्या जातीची ही सवय प्रसिद्धच आहे. ते पक्षी हौसेने गांधीलमाश्यांच्या शेजारी घर करतात. माश्यांना या पक्ष्यांच्या ये-जा करण्याचं काही वाटत नाही, पण फांदी हलवणाऱ्याला त्या सोडत नाहीत. अंडी खाणाऱ्यांपासून फुकटचा पहारा मिळतो.

9 एप्रिल

पोळ्यावरून आज पेच. बाग बघणारे म्झे (वडीलधाऱ्यांना इथे याच शब्दाने हाक मारतात) बोळा पेटवून घेऊन उभे. फाटकातून पोरं येतात-जातात, एखाद्याला न्यीगू (गांधीलमाशी) डसली तर? त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

मी म्हटलं, "म्झे, महिनाभर थांबा. घरट्यात अंडी असतील."

त्यांनी वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "मग फाटक बंद ठेवू. सगळ्यांनी मागच्या दाराने यायचं." बोळा मातीत विझवला आणि स्वतःच फाटकाला दोरी बांधली.

त्यांच्या लक्षात आलेली आणखी एक गोष्ट: घरट्याचं तोंड पोळ्याच्या बाजूला आहे. मी रोज पाहत होते, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

14 एप्रिल

जोडीपैकी एकच पक्षी बाहेर दिसतो. म्हणजे उबवणं सुरू झालेलं दिसतंय. साधारण 4-5 पांढरी अंडी असतात आणि बारा-तेरा दिवसांत फुटतात. आत डोकावायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरवलंय. आरसा, दोरीला बांधलेला फोन असल्या युक्त्या सुचतात, पण एकदा घरटं उघडं पडल्यावर काय होतं ते 2 तारखेला पाहिलंय.

दुपारभर खुर्ची टाकून बसले आणि पाळ्या मोजल्या. आत गेला लाल गाल, बाहेर आला साधा गाल. तासा-दीड तासाने उलट. दिवसाची उबवणूक दोघांत वाटलेली आहे. लाल डाग नसता तर माझ्या वहीतली ही पानं कोरीच राहिली असती. नावाचा विचार पुन्हा डोक्यात.

20 एप्रिल

निळ्या डोक्याच्या जातीवरचा एक अभ्यास पुन्हा नीट वाचला. नाओ ओता, मान्फ्रेड गार आणि मासायो सोमा यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेला. उसळत गाणाऱ्या पक्ष्यांचं त्यांनी सेकंदाला 300 चौकटींच्या (फ्रेम्सच्या) वेगाने चित्रण केलं. साध्या डोळ्यांना नुसती उसळी दिसते. चित्रण संथ केल्यावर दिसलं की एकेका उसळीत पक्षी दांडीवर पाय भराभर आपटतो, अगदी ताल धरून. नर आणि मादी दोघंही. जोडीदार त्याच दांडीवर बसलेला असेल तेव्हा पावलांचा जोर वाढतो. म्हणजे गाणं कानाला, उसळी डोळ्याला, आणि बहुधा थरथर जोडीदाराच्या पायांनाही पोचत असावी. 2018 मध्ये त्यांनीच आणखी दाखवलं की भोवती इतर पक्षी पाहत असले, तर जोडीतले दोघंही एकमेकांसमोर जास्त नाचतात.

माझ्या फोनवर संथ चित्रणाची सोय आहे, सेकंदाला 240 चौकटी. 22 मार्चनंतर तारेवरचे दोन प्रसंग मिळाले. एकात नराचे पाय तारेपासून सुटलेले तीन-चार चौकटींत स्पष्ट दिसतात आणि तार हलते. आपली लालगाली जात अशीच ठेका धरते असं यावरून मी फलकावर लिहिणार नाही. वहीत मात्र चौकटींचे आकडे उतरवून ठेवलेत.

26 एप्रिल

दोघंही बाहेर. दोघंही चोच भरून परत. पिल्लं फुटली!

आत फेऱ्या अशा: लाल गाल, साधा गाल, साधा गाल, लाल गाल. आत जाऊन बाहेर यायला दीड-दोन मिनिटं लागतात, कारण बी गळ्याखालच्या पिशवीत साठवून आणतात आणि आत एकेकाला ओकून भरवतात. कान लावला तर आतून बारीक करकर ऐकू येते. या कुळातली पिल्लं मान उंचावून भीक मागत नाहीत. मान खाली घालून, तोंड वळवून वर उघडतात, आणि तोंडात रंगीत ठिपके असतात. अंधाऱ्या गोळ्यात आईबापांना चोच कुठे खुपसायची हे त्यावरून कळतं.

3 मे

आठवडाभर निळ्याशी झगडतेय. कोबाल्ट लावला, जड झाला. सेरुलियन लावला, भिंतीच्या रंगासारखा सपाट. दोन्ही मिसळले तर चिखल.

आज बाभळीखाली एक निळं पीस पडलेलं सापडलं, कुशीवरचं असावं, दीड सेंटिमीटर. टेबलावर ठेवलं तेव्हा आकाशी. खिडकीच्या उजेडासमोर धरलं तर निळा गायब, नुसतं करडं-तपकिरी पीस. पुन्हा काळ्या पुठ्ठ्यावर ठेवलं, निळा परत आला, आणि आधीपेक्षा उजळ.

या पिसात निळा रंग म्हणून काही पदार्थ नसतोच. पिसाच्या धाग्यात केराटिनची (पिसं ज्याची बनतात त्या प्रथिनाची) स्पंजासारखी अतिसूक्ष्म जाळी असते, ती निळा उजेड तेवढा परतवते. खाली मेलॅनिनचा काळपट थर असतो, तो उरलेला उजेड गिळून टाकतो. हे पीस वाटून त्याची पूड केली तर निळा उरणार नाही. भडक लालाचं तसं नाही. मुनियांच्या कुळात तो बहुतेक खाण्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यांपासून शरीरात तयार होतो, म्हणून चित्रकाराला तो सोपा.

हे हातात पीस धरल्यावरच डोक्यात उतरलं. मी पांढऱ्या कागदावर निळा लावत होते. पक्षी काळ्यावर निळा धरतो. संध्याकाळी छातीच्या जागी आधी करड्याचा पातळ थर दिला, वाळू दिला, मग कोरड्या कुंचल्याने अपारदर्शक फिकट सेरुलियनच्या केसासारख्या रेघा ओढल्या. मधूनमधून करडा उघडाच ठेवला. पहिल्यांदा तो निळा श्वास घेतोय असं वाटलं.

पीस होतं तिथेच बाभळीखाली ठेवून आले.

8 मे

ओळखीच्या एका बाईंनी फलकाचं चित्र पाहिलं आणि विचारलं, "किती गोड! पाळायला मिळतो का?" त्यांचा दोष नाही. वर्षानुवर्षं पश्चिम आफ्रिकेतून, विशेषतः सेनेगलमधून, हे पक्षी पेट्यांत भरून युरोपात जात राहिले. बर्ड फ्लूच्या भीतीने युरोपीय संघाने 2005 मध्ये रानातल्या पक्ष्यांची आयात थांबवली आणि 2007 मध्ये बंदी कायमची केली. जात म्हणून हा पक्षी आज धोक्यात नाही, त्याचा मुलूख फार मोठा आहे. तरी मजकुरात 'सुंदर', 'गोंडस' हे शब्द आता येणार नाहीत. त्याऐवजी तो काय करतो ते लिहायचं. दोन वाक्यं खोडली, वाळवीचं आणि पिसाचं वाक्य घातलं.

15 मे

सकाळी 7:20 ला पहिलं पिल्लू तोंडाशी. 7:40 पर्यंत चार जणं फांदीवर. चोची काळपट, अंग तपकिरी, छातीवर निळ्याची नुसती पुसट झाक, शेपट्या आखूड. चौघांच्याही गालावर काही नाही. यात नर कोण, मादी कोण, आज तरी कुणाला सांगता येणार नाही.

एकाने उडायचा प्रयत्न केला आणि पोळ्याच्या फांदीवरच जाऊन आदळला. माझा जीव टांगणीला. दोन माश्या उठल्या, घिरटी घातली, पुन्हा बसल्या. पिल्लू तिथेच पाच मिनिटं डोळे मिटून बसलं. म्झे माझ्या शेजारी उभे होते. दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

18 मे

पिल्लं दिवसभर कुंपणाच्या गवतात असतात. संध्याकाळी सव्वासहाला आईबाप त्यांना हाकारत परत त्याच घरट्यात आणतात. सहाही जण आत. घरटं पिल्लं उडाल्यावर संपतं असं धरून मी फलकाच्या मजकुरात 'उडून गेल्यावर घरटं रिकामं होतं' लिहिलं होतं. खोडलं.

फाटकाची दोरी अजून सोडलेली नाही.

24 मे

नवं, शेवटचं रेखाटन. मादी पुढे, पूर्ण, चोचीत पांढरं पीस, उसळीच्या वरच्या टोकाला. नर तिच्या डावीकडे, तेवढाच मोठा, मान अशी वळवलेली की लाल डाग दिसतो पण नजर तिच्याकडे. कोपऱ्यात एक पिल्लू, काळपट चोचीचं. दोघांचीही लांबी पट्टीने मोजली, 12.8 सेंटिमीटर.

नाव ठरलं: लालगाली निळी मुनिया. दोन महिने टाळत होते, पण तीन निळ्यांतून ही वेगळी काढायची तर गालाशिवाय इलाज नाही, आणि मी स्वतः पाळ्या मोजल्या त्या याच डागावरून. नावाखाली पहिलीच ओळ घातली: 'गाल लाल असेल तो नर, गाल साधा असेल ती मादी, आणि तीही गाते.'

27 मे

रंगकाम पूर्ण. नराच्या गालावरचा लाल सगळ्यात शेवटी, एकाच टेकवणीत. मादीच्या छातीला अजून एक हात फिकट निळ्याचा हवा. तो उद्या, सकाळच्या उजेडात. आत्ता सहा वाजून दहा मिनिटं झालीत आणि फाटकाकडून त्यांचं हाकारणं ऐकू येतंय.